उणे अनंत मिलिमीटर पाऊस

अहेरीत एकदा उणे अनंत मिलिमीटर पाऊस पडला. निदान आमच्या महाविद्यालयातील संगणकाने तरी तसे लिहून दिले. उणे पाऊस म्हणजे काय? जमिनीतून आभाळाकडे जाणारा? आणि तोही अनंत? विद्यार्थी पोट धरून हसले. मीही हसलो, पण हसून झाल्यावर लक्षात आले, की त्या दिवशी संगणकाने चूक केलीच नव्हती. चूक आमची होती, आणि ती मोठी शिकण्यासारखी होती.

आधी थोडे पावसाविषयी. प्राणहितेच्या काठचा हा सारा प्रदेश जंगलाचा आणि नदीनाल्यांचा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे इकडच्या लहान मुलालाही ठाऊक असते. पण 'लई पाऊस आला' म्हणजे नेमका किती आला, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. म्हणून पदवीच्या काही विद्यार्थ्यांनी ठरवले, की आपापल्या गावी साधे पर्जन्यमापक ठेवायचे आणि रोज नोंद करायची. सरळ भिंतींचा डबा, त्यात शिरणारे पाणी पट्टीने मोजायचे. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी पडले, की झाला एक मिलिमीटर पाऊस. हवामान खात्याप्रमाणे आम्हीही सकाळी साडेआठची वेळ धरली. खात्याच्या व्याख्येप्रमाणे २.५ मि.मी. किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, तर तो 'पावसाचा दिवस', ६४.५ मि.मी.पासून पुढे 'जोरदार पाऊस'. वह्या भरू लागल्या. आता बेरजा, सरासऱ्या कोण करणार?

त्यासाठी आम्ही 'आर' ही संगणकाची भाषा घेतली. नाव एकाच अक्षराचे, पण संख्याशास्त्राच्या कामात जगभर वापरली जाणारी. ती फुकट मिळते, जुन्यापुराण्या संगणकावर चालते, आणि एकदा बसवली की इंटरनेट असो वा नसो, तिचे काही अडत नाही. आमच्याकडे या शेवटच्या गुणाची किंमत फार आहे. मुंबईच्या आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात ही भाषा शिकवणारे धडे आहेत. पुष्कळ विद्यार्थी त्यावरूनच सुरुवात करतात.

आरशी दोन तऱ्हांनी व्यवहार करता येतो. एक तऱ्हा संवादाची. संगणकाची काळी खिडकी, म्हणजे कमांड लाइन, उघडून आर सुरू केले, की ते > असे चिन्ह दाखवून थांबते. तुम्ही एक आज्ञा लिहायची, त्याने उत्तर द्यायचे. पुन्हा तुम्ही, पुन्हा ते. एखादी आज्ञा चुकली, तर तेवढ्यापुरती तक्रार करून ते पुन्हा तुमच्याकडे पाहत थांबते. दुसरी तऱ्हा अशी, की सगळ्या आज्ञा आधीच एका फाइलमध्ये क्रमाने लिहून ठेवायच्या आणि 'आरस्क्रिप्ट' या शब्दापुढे त्या फाइलचे नाव देऊन एंटर दाबायचे. या लिहून ठेवलेल्या आज्ञांना स्क्रिप्ट म्हणतात. आर ती वरपासून खालपर्यंत वाचून पार पाडते आणि बंद होते. वाटेत चूक सापडली, तर तिथेच काम सोडून देते. वीस गावांचे तेच ते गणित वीस वेळा करायचे असेल, तर ही दुसरी तऱ्हा सोयीची. शिवाय आपण काय केले, हे कागदावर लिहिल्यासारखे शिल्लक राहते. दुसऱ्याला तपासता येते.

आमच्या एका विद्यार्थ्याला या दोन्ही तऱ्हांचा मेळ घालायचा होता. स्क्रिप्ट चालू होईल, ती गावाचे नाव विचारील, मग एकेक दिवसाचा पाऊस विचारीत जाईल. नुसते एंटर दाबले, की नोंदी संपल्या असे समजून बेरीज आणि सर्वाधिक पाऊस सांगेल. प्रश्न विचारण्यासाठी त्याने 'रीडलाइन' ही आज्ञा वापरली होती. घरी त्याने ती आरच्या संवादात बसूनच चालवून पाहिली होती आणि ती झकास चालली होती. महाविद्यालयात सगळ्यांसमोर त्याने ती आरस्क्रिप्टने चालवली. पडद्यावर एका क्षणात हे उमटले :

गावाचे नाव?
आजचा पाऊस (मि.मी.)?
एकूण पाऊस : ०
सर्वाधिक पाऊस : उणे अनंत

खाली एक इशाराही होता, पण तो वाचायला कोण थांबते?

"सर, हे तं थांबूनच नाही राहिलं!" तो ओरडला.

नेमके तेच झाले होते. प्रश्न विचारला गेला, पण उत्तरासाठी कोणी थांबले नाही. नाव कोरे, पाऊस कोरा. कोरे उत्तर म्हणजे नोंदी संपल्या, असे त्यानेच ठरवले असल्याने स्क्रिप्ट सरळ शेवटाला जाऊन पोचली.

न थांबण्याचे कारण पाहण्याआधी त्या 'उणे अनंत'चा हिशोब लावू, कारण त्यात गणित सुंदर आहे. एकही संख्या नसेल तर बेरीज किती? शून्य. हे चटकन पटते. पण एकही संख्या नसेल तर सर्वांत मोठी कोणती? असा विचार करा : सकाळच्या नोंदींतील सर्वांत मोठी आणि संध्याकाळच्या नोंदींतील सर्वांत मोठी, या दोघींत जी मोठी ती दिवसाची सर्वांत मोठी. हा नियम कधीही मोडता कामा नये. आता सकाळी नोंदच नसेल, तर सकाळचे उत्तर असे काही असले पाहिजे, की ते संध्याकाळच्या कोणत्याही संख्येपुढे हरेल. शून्य चालणार नाही. संध्याकाळी तापमान उणे पाच असेल तर शून्य जिंकेल. प्रत्येक संख्येपुढे हरणारे एकच उत्तर आहे, उणे अनंत. म्हणजे आरने जे लिहिले ते विनोदी दिसले, तरी तर्काला धरून होते. सरासरी विचारली असती तर शून्य भागिले शून्य झाले असते, आणि त्याला आर 'ही संख्याच नव्हे' असे म्हणते.

आता न थांबण्याविषयी. आपल्याकडे धानाची कापणी आटोपली, की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाहून नाटक कंपन्या गावोगाव जातात आणि रात्रभर नाटक चालते. अशा नाटकात आतून संवाद सांगणारा प्रॉम्प्टर असतो. आता कल्पना करा, की हा प्रॉम्प्टर रिकाम्या मांडवात एकटाच बसून संहिता वाचतो आहे. नायक विचारतो, "तू कोण?" समोर कोणी नाही. प्रॉम्प्टर काय करील? उत्तराची वाट पाहत पहाटेपर्यंत बसेल, की पुढचे वाक्य वाचील?

आरस्क्रिप्टने चालवलेल्या आरची अवस्था या प्रॉम्प्टरसारखी असते. आर सुरू होतानाच ठरवून टाकते, की समोर माणूस आहे की नाही. तिच्यात 'इंटरॲक्टिव्ह' नावाची एक तपासणीच आहे. ती 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर देते. स्क्रिप्ट फाइलमधून चालवली, की उत्तर 'नाही'. मग तुम्ही खुर्चीवर बसून पडद्याकडे टक लावून पाहत असलात तरी 'नाही'च. आणि समोर माणूस नसताना रीडलाइनने कोरे उत्तर गृहीत धरून पुढे जावे, असे या भाषेच्या कर्त्यांनी ठरवून ठेवले आहे. हे योग्यच आहे. रात्री दोन वाजता आपोआप चालणारी स्क्रिप्ट प्रश्न विचारून थांबली, तर सकाळपर्यंत काहीच काम झालेले नसेल. माझी तक्रार एवढीच, की असा कोरा कागद गुपचूप पुढे सरकवण्याऐवजी तिने जरा मोठ्याने खाकरावे!

हा भेद आजचा नाही. हवामानाच्या संख्याशास्त्राची सुरुवात आपल्या देशात माणसांकडूनच हिशोब करवून झाली. सर गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात हवामान खात्याचे प्रमुख होते. मोसमी पावसाचा जगातील दूरदूरच्या ठिकाणच्या हवेच्या दाबाशी काही संबंध आहे का, हे शोधण्यासाठी त्यांनी कारकुनांकडून सहसंबंधांची प्रचंड कोष्टके हाताने करवून घेतली. खात्याचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आले. पावसाच्या जुन्या नोंदींचे भांडार आजही पुण्यातच आहे. कारकुनाला आकडा विचित्र वाटला, तर तो उठून साहेबांना विचारू शकत होता. हाही एक संवादच.

मग संगणक आले आणि संवाद काही काळ तुटला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली 'सीडीसी ३६००' हा संगणक बसला. त्या काळी आज्ञा आणि आकडे पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोके पाडून द्यावे लागत. कार्डांचा गठ्ठा यंत्रघराच्या खिडकीत ठेवायचा आणि छापील उत्तर मिळेपर्यंत वाट पाहायची. एका कार्डावर भोक चुकले, तर सगळे पुन्हा. त्या यंत्राला तुम्ही कोण, कुठे बसला आहात, हे कळण्याचा मार्गच नव्हता. आजची आरस्क्रिप्ट ही त्या गठ्ठ्याचीच नात म्हणायची.

अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली 'एस' नावाची भाषा सुरू केली, तीच मुळी संख्याशास्त्रज्ञाला आकड्यांशी बोलता यावे म्हणून. एक आलेख पाहायचा, त्यावरून पुढचा प्रश्न सुचायचा, तो विचारायचा. पुढे न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी तिच्याच धर्तीवर आर रचली. १९९५ पासून ती सर्वांना मुक्त झाली आणि तिची १.०.० ही आवृत्ती २००० सालच्या २९ फेब्रुवारीला निघाली. संवादासाठी जन्मलेल्या या भाषेला आरस्क्रिप्ट ही सोय २००७ साली मिळाली.

असो. आमची स्क्रिप्ट थांबावी कशी?

उपाय कळण्यासाठी धानाची गिरणी आठवा. एका तोंडाने धान आत जाते, दुसऱ्या तोंडाने तांदूळ बाहेर येतो, आणि कोंडा तिसऱ्याच वाटेने पडतो. कमांड लाइनवर चालणाऱ्या प्रत्येक कामालाही अशीच तीन तोंडे असतात : आत येणारा प्रवाह, बाहेर जाणारा प्रवाह आणि सूचना-तक्रारींचा वेगळा प्रवाह. ही रचना युनिक्स या प्रणालीतून आली, आणि युनिक्सचा जन्मही बेल लॅबोरेटरीजमधलाच. एरवी आत येणारा प्रवाह तुमच्या कळफलकाला जोडलेला असतो. 'रीडलाइन' या प्रवाहाकडे पाहतच नाही. ती 'समोर माणूस आहे का?' एवढेच पाहते. म्हणून तिला सोडून 'रीडलाइन्स' ही तिची धाकटी बहीण घ्यायची आणि तिला सांगायचे, की आत येणाऱ्या प्रवाहातून एक ओळ वाच. त्या प्रवाहाचे नाव एस-टी-डी-आय-एन. मग मात्र ती इमानाने थांबते. (येथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, संगणकावर त्या रोमन अक्षरांत लिहाव्या लागतात. रीडलाइन हा शब्द सगळा लहान अक्षरांत, तर रीडलाइन्समधील 'लाइन्स'चे पहिले अक्षर मोठे. एवढ्याशा फरकाने आर अडून बसते.)

विद्यार्थ्याने तसे केले. स्क्रिप्ट थांबली. टाळ्या पडल्या. आणि खरी फजिती त्यानंतर झाली.

घाईत त्याने सर्वाधिक पाऊस तेवढा सांगणारी छोटी स्क्रिप्ट केली होती. एका विद्यार्थिनीने आपल्या वहीतले आकडे दिले. समजण्यासाठी ते आकडे ६४, ११२, ७.५ आणि ९८ असे होते, असे धरू. स्क्रिप्टने उत्तर दिले : सर्वाधिक पाऊस ९८. ना इशारा, ना तक्रार. मी स्वतः तो आकडा फळ्यावर लिहून घेतला. ती मुलगी मात्र उठून उभी राहिली. "सर, असं कसं? नाल्यावरून पाणी गेलं त्या दिवशी मी डबा भरलेला पाहिला. ९८ तर दुसऱ्या दिवशीचा आहे."

प्रवाहातून आलेली ओळ ही आरच्या दृष्टीने मजकूर असतो, संख्या नव्हे. कळफलकावर '११२' टाइप केले, तर आत पोचते ते एक, एक आणि दोन या तीन अक्षरांचे चित्र. मजकुरातला 'सर्वांत मोठा' म्हणजे शब्दकोशात सर्वांत शेवटी येणारा. पहिले अक्षर पाहा : ६, १, ७, ९. नऊ शेवटी, म्हणून ९८ मोठा! ११२ बिचारा पहिल्या अक्षरावरच मागे पडला. बेरीज सांगितली असती, तर आरने 'मजकुराची बेरीज होत नाही' म्हणून काम थांबवले असते आणि आम्ही जागे झालो असतो. पण मजकुरात मोठा कोण, हा प्रश्न तिला अर्थपूर्ण वाटतो, आणि ती निमूटपणे उत्तर देते.

उणे अनंताला कोणीही फसत नाही. ९८ ला मी फसलो. भौतिकशास्त्र शिकवण्यात इतकी वर्षे घालवून फसलो. हा आकडा वहीत गेला असता, तर त्या गावचा 'नाल्यावरून पाणी जाण्याइतका पाऊस' कायमचा चौदा मिलिमीटरने चुकला असता, आणि पुढच्या वर्षी कोणी त्यावरून काही अंदाज बांधला असता तर तोही. तेव्हा ओळ आत आली, की पहिले काम तिची संख्या करण्याचे. त्यासाठी 'ॲज-डॉट-न्यूमेरिक' ही आज्ञा आहे.

ती बसवली, तर नवेच उघडकीस आले. दोन मुलांनी आकडे देवनागरीत टाइप केले होते. आपल्याला १२ दिसले की बारा समजतात. आरला देवनागरी अंकांची संख्या करता येत नाही. ती तेथे 'एन.ए.', म्हणजे 'माहिती उपलब्ध नाही', असे लिहिते आणि इशारा देते. एक जरी एन.ए. असला, तरी सर्वाधिकही एन.ए.च. यावर पुस्तकात सोपा उपाय सापडतो, की गाळलेल्या नोंदी सोडून द्या असे सांगा. तो उपाय आम्ही केला असता, तर देवनागरीत लिहिलेला प्रत्येक पाऊस गुपचूप गळून पडला असता! त्याऐवजी एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर घालणारी सी-एच-ए-आर-टी-आर ही आज्ञा वापरून शून्यापासून नऊपर्यंतचे देवनागरी अंक आधी इंग्रजी अंकांत बदलून घेतले. आता दोन्ही लिपी चालतात. मराठी शाळेतून आलेल्या मुलाने पाऊस मराठीत का सांगू नये?

मग प्रश्न विचारण्याचा खरा फायदा ध्यानात आला. आकडा भरणारा माणूस समोर असतानाच त्याला उलट विचारता येते. ११२ च्या जागी चुकून ११२० पडले तर? २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मि.मी. पाऊस झाला होता, आणि मुंबईत काय हाहाकार उडाला ते तुम्ही ऐकले असेल. त्याहून मोठा आकडा आपल्या डब्यात आला, तर एकदा खात्री करायला नको का? म्हणून स्क्रिप्ट असा आकडा सरळ फेकून देत नाही, 'खरेच एवढा? पुन्हा लिहा' म्हणते. उणे आकडा आला, अक्षरे आली, तरी पुन्हा विचारते. आठ महिन्यांनी वही चाळताना ही चूक सापडली असती, तर त्या दिवशी खरोखर किती पाणी होते हे कोणाला आठवणार होते?

पुढे काही मुलांनी सगळे आकडे एका फाइलमध्ये आधीच टाइप करून आणले. कमांड लाइनवर उभी रेघ ओढून एका कामाचे बाहेर जाणारे तोंड दुसऱ्या कामाच्या आत येणाऱ्या तोंडाला जोडता येते. युनिक्समध्ये ही युक्ती १९७३ साली आली. तशी ती फाइल स्क्रिप्टला जोडली, तर स्क्रिप्टने गावाचे नाव घेतले आणि पुढे 'नोंदी संपल्या' म्हटले. हाताने टाइप केले की ठीक, फाइल जोडली की बंद. यात दोन दिवस गेले. कारण असे, की आम्ही प्रत्येक प्रश्नाला प्रवाह नव्याने उघडत होतो. प्रवाह उघडला, की आर एक ओळच उचलत नाही. पुढचा बराच मजकूर एकदम ओढून आपल्या घागरीत घेते आणि त्यातून एक ओळ आपल्याला देते. प्रवाह बंद झाला, की घागर ओतून टाकते. एक घोट पिण्यासाठी बोअरिंगवरून घागर भरून आणावी आणि उरलेले पाणी अंगणात ओतून पुन्हा बोअरिंगवर जावे, तसे! कळफलकावरून एका वेळी एकच ओळ येते, म्हणून तेव्हा काही सांडत नाही. उपाय एका ओळीचा आहे : प्रवाह सुरुवातीला एकदाच उघडायचा, त्याला एक नाव द्यायचे, आणि शेवटपर्यंत त्याच नावाने त्यातून वाचायचे.

कोंड्याच्या तोंडाचा उपयोगही असाच ठेच लागून कळला. उत्तरे फाइलमध्ये साठवण्यासाठी > हे चिन्ह देऊन बाहेरचे तोंड फाइलकडे वळवले, तर पडदा रिकामाच. आम्ही समजलो, स्क्रिप्ट अडकली. वास्तविक ती शांतपणे आमच्या उत्तराची वाट पाहत होती. प्रश्नही उत्तरांबरोबर फाइलमध्ये जाऊन बसले होते! 'कॅट' या आज्ञेने लिहिलेले तांदळाच्या तोंडाने जाते, 'मेसेज' या आज्ञेने लिहिलेले कोंड्याच्या. तेव्हा माणसाला विचारायचे ते मेसेजने, ठेवायचे ते कॅटने. मग फाइलमध्ये निव्वळ उत्तरे राहतात.

आणखी दोन गोष्टी, धावत्या. गावाचे नाव, वर्ष अशा एकदाच लागणाऱ्या गोष्टी प्रश्न न विचारता फाइलच्या नावापुढेच लिहून देता येतात. 'कमांडआर्ग्ज' ही आज्ञा त्या उचलून घेते. आणि अशा स्क्रिप्टमध्ये आलेख काढलात, तर तो पडद्यावर शोधू नका. समोर माणूस नाही असे धरल्यामुळे आर तो 'आरप्लॉट्स' नावाच्या पीडीएफ फाइलमध्ये ठेवून देते. आमच्या एका मुलाने 'आलेख येतच नाही' म्हणून तीच स्क्रिप्ट अकरा वेळा चालवली होती. फाइल पहिल्या वेळेपासून तेथेच होती.

ज्या शाळेत एखादा जुना संगणक आणि एखादा डबा आहे, तेथे हे सारे करून पाहता येईल. शिक्षकांनी प्रथम मुद्दाम रीडलाइनची चूक करून दाखवावी. ९८ आणि ११२ चा प्रयोगही करावा, पण उत्तर आधी सांगू नये. वर्गात किती जणांना ते खटकते ते पाहावे.

आमच्या स्क्रिप्टमध्ये त्या विद्यार्थ्याने शेवटी एक भर घातली. पहिल्याच प्रश्नाला कोरे उत्तर आले, तर ती आता गणित करीतच नाही. 'समोर कोणी नाही. पाऊस कोणाला विचारू?' असे लिहून बंद होते. काळ्या खिडकीत जोडाक्षरे जरा तुटून दिसतात, पण वाचता येतात. ११२ आकडा आता फळ्यावर आहे. ९८ खोडून मीच तो लिहिला. त्या मुलीने वही पुढे धरून तो मला दोनदा वाचून दाखवला.